सोलरचं गरम पाणी पुरत नाही? गच्चीपासून बादलीपर्यंत काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

थंडी पडायला लागली की ओळखीतल्या कुणा ना कुणाचा फोन येतोच, "अगं आमचं सोलर बिघडलंय, मे महिन्यात चटके बसत होते आणि आता शेवटच्या माणसाला गार पाणी." मग माणूस बोलावतात, तो ट्यूब धुतो, पैसे घेतो, आणि पुढच्या आठवड्यात परत तेच. मी आमच्या साताऱ्याच्या घरी दोनशे लिटरचं ट्यूबवालं सोलर वापरते आणि नातेवाइकांच्या बऱ्याच गच्च्या चढून झाल्यात, त्यातून सांगते, बहुतेक वेळा यंत्र ठीक असतं. चूक असते ती पाणी कधी काढतो यात, नाहीतर नळांमधून गार पाणी गुपचूप घुसत असतं त्यात. आणि लोक तपासतात ते उलट्या क्रमाने, म्हणजे आधी खर्च करून मोकळे होतात आणि फुकटात होणारी तपासणी राहून जाते.

एकच गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. सोलर म्हणजे बंब नाही, हवा तेव्हा पेटवता येत नाही. दिवसातून एकदा, साधारण नऊ ते चार, ते भरतं. टाकीत गरम पाणी वर आणि गार खाली राहतं, तुम्ही वरून एक बादली गरम काढली की खालून एक बादली गार आत येतं. पुढचं सगळं या दोन वाक्यांवर उभं आहे.

पायरी १ : दोन आकडे लिहून काढा

काहीही उघडायच्या आधी एक थर्मामीटर घ्या, स्वयंपाकघरात वापरतात तो साधा चालेल, तापाचा नको. ऊन स्वच्छ असलेल्या दिवशी संध्याकाळी साडेचार-पाचला बाथरूमचा गरम नळ सोडा, पाइपातलं गार पाणी बादलीत जाऊ द्या, आणि पूर्ण गरम यायला लागलं की तापमान लिहा. मग त्या रात्री घरात कुणीही गरम नळ उघडायचा नाही, हे सगळ्यांना नीट सांगा. पहाटे सहाला तसंच परत मोजा.

- संध्याकाळी ५० ते ६० आणि पहाटे पाच-सहा अंशच कमी : सोलर चांगलं आहे. सरळ पायरी ५ वाचा, चूक वापरात आहे.
- संध्याकाळी छान गरम पण पहाटे दहा-बारा अंशांनी किंवा जास्त उतरलं : रात्री उष्णता कुठेतरी जातेय. पायरी ३.
- संध्याकाळीच ४०-४५ : उन्हाचं, काचेचं किंवा क्षाराचं काम आहे. पायरी २ आणि ७. पण आधी पायरी ३ करून घ्याच, कारण गार पाणी घुसत असलं तरी आकडा असाच दिसतो.

*तपासा :* दोन दिवस मोजा, एका दिवसावर जाऊ नका, आणि आदल्या दिवशी ढग असतील तर तो आकडा धरू नका.

आता हिशोब. थंडीत गार पाणी १८ अंश, सोलरचं ५० अंश धरलं तर ४० अंशाच्या वीस लिटरच्या बादलीला जवळजवळ १४ लिटर सोलरचं लागतं. उन्हाळ्यात सोलर ७५ आणि गार २८ असतं तेव्हा त्याच बादलीला ५ लिटर पुरतात, बाकी विसण. म्हणजे तेच सोलर, तीच माणसं, पण थंडीत पाणी जवळजवळ तिप्पट लागतं. "मेमध्ये पुरत होतं" हा पुरावा नाही हो. दोनशे लिटरच्या टाकीतलं शेवटी शेवटी कोमट होत जातं, म्हणून दीडशे लिटर खरं धरा, थंडीत दहा-अकरा बादल्या. घरात सहा माणसं आणि प्रत्येकाला दोन बादल्या हव्या असतील तर ते कुठल्याच दुरुस्तीने जमणार नाही. शॉवरचं तर बोलायलाच नको, मिनिटाला आठ-दहा लिटर जातात, आठ मिनिटं उभं राहिलात तर साडेतीन-चार बादल्या झाल्या.

पायरी २ : गच्चीवर पंधरा मिनिटं

सकाळी नऊला, दुपारी बाराला आणि तीनला असं तीनदा वर जाऊन बघा. एकदाच बघून उपयोग नाही.

सावली. सोलर बसवतात बहुतेक उन्हाळ्यात, तेव्हा सूर्य डोक्यावर असतो, सावली पडतच नाही. डिसेंबरात आपल्याकडे भर बारालासुद्धा सूर्य दक्षिणेला झुकून ४८-४९ अंशावरच येतो, त्यामुळे दहा फूट उंच जिन्याच्या खोलीची सावली उत्तरेकडे जवळजवळ नऊ फूट पडते, आणि सकाळी नऊ किंवा दुपारी तीनला तर याहून कितीतरी लांब. शेजारचा नारळ, नवीन चढवलेला मजला, डिश, आणि हो, वाळत घातलेल्या चादरी, हे सगळं थंडीतच आडवं येतं. नेमकं गरज असते तेव्हाच.

धूळ. पंधरा दिवसांतून एकदा साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने, शेजारी बांधकाम चालू असेल तर आठवड्याला.

*सावधान :* काच पहाटे किंवा सूर्य मावळल्यावरच धुवायची. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाण्याचा पाइप मारू नका.

ट्यूबवालं सोलर असेल तर प्रत्येक ट्यूबचं खालचं टोक बघा. तिथे आरशासारखा चंदेरी रंग दिसला पाहिजे. तो पांढरा, दुधाळ झाला असेल तर त्या ट्यूबची पोकळी गेली, हवा शिरली, ती ट्यूब आता उष्णता धरत नाही. दुसरी खूण म्हणजे उन्हात ट्यूबच्या बाहेरच्या काचेला हलकेच बोट लावायचं, चांगली ट्यूब बाहेरून फारशी तापत नाही, गेलेली चांगलीच गरम लागते. आत पाणी उकळत असताना बाहेरून गार, हे ऐकायला विचित्र वाटतं पण तेच तर तिचं काम. खराब तेवढ्याच ट्यूब बदला, सगळा सेट बदला म्हणणाऱ्याला आधी पांढरं टोक दाखवायला सांगा.

आता टाक्या. गार पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा वर पाहिजे. तो खाली असेल तर गार टाकी निम्मी झाली की गरम नळाची धार बारीक होते आणि मग बंदच पडते, लोक म्हणतात सोलर संपलं, खरं तर टाकीत गरम पाणी असतं पण त्याला खालून ढकलणारं कुणी नसतं. सोलरच्या टाकीवरून वर गेलेला उभा पाइप म्हणजे एअर व्हेंट, त्याचं तोंड गार टाकीच्या वरच्या पातळीपेक्षाही उंच आणि उघडं पाहिजे.

*सावधान :* व्हेंटमधून पाणी सांडतंय म्हणून त्याला बूच किंवा कॉक कधीही बसवू नका. आतली वाफ आणि हवा तिथूनच जाते-येते, तो बंद झाला तर टाकी फुगते, नाहीतर आत ओढली जाऊन चेपते. सांडत असेल तर पाइप उंच करायचा.

पायरी ३ : गार पाणी कुठून घुसतंय

माझ्या मते सगळ्यात जास्त लोक इथेच फसलेत आणि प्लंबरसुद्धा इथे बघत नाहीत. बाथरूममध्ये गरम आणि गार दोन्ही लाइन ज्या मिक्सरला येतात, त्या मिक्सरचे दोन्ही नळ उघडे ठेवून पुढचं तोंड कुणी बंद केलं, म्हणजे शॉवरच्या आधी कॉक आहे किंवा मिक्सरच्या पुढे जेट स्प्रे लावलाय आणि तो फक्त हातातून दाबून बंद करतात, तर मधल्या मधे गार पाणी गरम लाइनमध्ये शिरतं. गार लाइनला प्रेशर पंप असेल किंवा खालून थेट नळपाणी येत असेल तर विचारूच नका, ते जोरात वर सोलरच्या टाकीपर्यंत ढकललं जातं. एका बाथरूममधली चूक आणि अख्खं घर गार.

तपासायची पद्धत सोपी आहे, संध्याकाळी किंवा सकाळी लवकर करा :

१. गच्चीवर सोलरच्या टाकीत गार पाणी आत येतं तो वॉल्व्ह पूर्ण बंद करा.
२. घरातला सगळ्यात खालचा गरम नळ पूर्ण सोडा.
३. पाइपातलं उरलेलं पाणी येईल आणि मिनिट-दोन मिनिटांत धार थांबायला हवी.
४. धार चालूच राहिली तर ते पाणी सोलरचं नाहीच, कुठल्यातरी मिक्सरमधून गार लाइनचं येतंय.
५. आता एकेका मिक्सरचा गरमचा अँगल कॉक बंद करत जा. बेसिन, किचनचं सिंक, वॉशिंग मशिनचा गरम पाइप, काहीही सोडू नका. ज्याचा कॉक बंद केल्यावर धार थांबली तो चोर.
६. तो मिक्सर दुरुस्त करा किंवा त्याच्या गरम लाइनवर एनआरव्ही बसवा, पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा वॉल्व्ह असतो तो.

*तपासा :* शेवटी गच्चीवरचा वॉल्व्ह परत पूर्ण उघडलात ना? माझ्या जावेच्या घरी तो अर्धाच उघडा राहिला होता आणि पुढे पंधरा दिवस "धार येत नाही" म्हणून सगळे हैराण.

आणखी एक दोष याच जातीचा. सोलरला गार पाणी देणारा पाइप गच्चीवरच्या टाकीतून स्वतंत्र पाहिजे. तोच पाइप पुढे संडास-बाथरूमलाही गेला असेल तर टाकी रिकामी होते त्या दिवशी, म्हणजे पाणी बंदच्या दिवशी, सोलरमधलं गरम पाणी खालच्या बाजूने उलटं वाहून फ्लशमध्ये जातं. संडासच्या नळाला गरम पाणी आलं तर समजून जा. स्वतंत्र पाइप काढा, निदान तिथेही एनआरव्ही लावा.

पायरी ४ : पाइप

पाऊण इंची पाइपात मीटरला साधारण पाव लिटर पाणी मावतं, एक इंचीत पाव लिटरपेक्षा बरंच जास्त, चारशे मिलीच्या पुढे. गच्चीपासून बाथरूमपर्यंत पंधरा मीटर पाऊण इंची असेल तर चार लिटर गार पाणी आधी बाहेर येणार, पंचवीस मीटर एक इंची असेल तर दहा-अकरा लिटर. हे बिघाड नाही, हे होणारच. पण लोक काय करतात, दिवसभरात दहा वेळा हात धुवायला गरम नळ उघडतात, गरम पाणी हातापर्यंत पोचायच्या आत बंद करतात, आणि दर वेळी टाकीतलं चार लिटरपर्यंत गरम पाणी पाइपात येऊन थंड होतं. हात धुवायला गार नळ वापरा. घरातल्या बेसिनचा गरमचा अँगल कॉक मी सरळ बंद करून ठेवलाय.

पहिलं येणारं गार पाणी वेगळ्या बादलीत धरायचं, तेच विसण म्हणून वापरायचं, उरलं तर फरशी पुसायला.

गच्चीवरच्या गरम पाइपावरचं काळं फोमचं आवरण उन्हाने दोन-तीन वर्षांत भुगा होऊन पडतं. हात लावून बघा, तुकडे पडत असतील तर बदला आणि वरून ॲल्युमिनियमची टेप गुंडाळा. टाकीतून निघणारा पहिला भाग साध्या पीव्हीसीचा असेल तर लगेच काढा. गरम पाण्यासाठी मिळतं ते सीपीव्हीसीसुद्धा ९३ अंशापर्यंतचंच असतं आणि मेमध्ये ट्यूबवाल्या टाकीतलं पाणी उकळीच्या जवळ जातं, म्हणून पहिले दोन-तीन मीटर जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप, घेतलेले बरे.

सोसायटीत एकच मोठं सोलर असेल तर सगळ्यात चांगला उपाय यंत्राचा नाही, वेळेचा आहे. सगळ्यांनी सकाळी एकाच दीड-दोन तासात वापरलं की पाइप एकदाच तापतो. प्रत्येक जण आपापल्या वेळेला उठून नळ सोडत राहिला तर खालच्या मजल्यावरचे बिचारे बादल्याच ओतत बसतात.

पायरी ५ : रोजचा क्रम

सकाळी जे गरम पाणी काढाल त्याच्या जागी आलेलं गार पाणी तापायला अख्खा दिवस मिळतो. संध्याकाळी काढाल त्याच्या जागी आलेलं गार पाणी तसंच रात्रभर टाकीत पडून राहतं आणि सकाळच्या वाट्याचं पाणी तेवढं कमी होतं. म्हणून :

१. अंघोळी सकाळी, एकामागोमाग एक. मधे तासाभराची गॅप पडली की पाइपातलं पाणी पुन्हा वाया.
२. ज्याला कढत लागतं, म्हणजे घरातली म्हातारी माणसं आणि लहान मुलं, त्यांची अंघोळ आधी. कोमट चालतं ते शेवटी.
३. अंघोळी झाल्यावर टाकीत उरलेलं गरम पाणी भांडी, कपडे भिजवणं यात वापरायचं असेल तर नऊ-साडेनऊच्या आत वापरा, म्हणजे त्याच्या जागी आलेल्या गार पाण्याला तापायला दिवस मिळतो.
४. दहा ते चार गरम नळाला हात नाही.
५. संध्याकाळी ज्याला अंघोळ हवीच त्याने पाचनंतर, बादलीनेच करायची, आणि तेवढंच पाणी सकाळच्या हिशोबातून वजा धरायचं.

*सावधान :* बादलीत आधी विसण, मग सोलरचं. उन्हाळ्यात सोलरच्या नळाखाली थेट हात घातला तर भाजतं, आणि लहान मूल बाथरूममध्ये असेल तर त्याला गरम नळापाशी एकटं सोडू नका. हे पाणी पिण्यासाठी, चहासाठी वापरायचं नाही.

पायरी ६ : टाकीतला विजेचा हीटर

दोनशे लिटर पाणी दहा अंशांनी वाढवायला सव्वादोन-अडीच युनिट लागतात, दोन किलोवॉटच्या हीटरला सव्वा तास. मग बिल फुगतं कशाने? लोक हीटर कायम चालू ठेवतात, "थर्मोस्टॅट आहे, आपोआप बंद होतो." संध्याकाळी अंघोळी झाल्या, टाकीत गार पाणी आलं, हीटरने रात्रभर विजेवर तापवून ठेवलं, आणि सकाळी ऊन आलं तेव्हा उन्हाला काही कामच उरलं नाही. सोलर असून गीझरचं बिल.

थर्मोस्टॅट ५० च्या आसपास ठेवा. हीटर पहाटेच लावायचा, तोही आदल्या संध्याकाळचा आकडा कमी असेल तरच. आठवत नसेल तर टायमर बसवा. दोनच अंघोळींचं पाणी कमी पडत असेल तर अख्खी टाकी तापवण्यापेक्षा बाथरूममधला छोटा गीझर स्वस्त पडतो.

*सावधान :* हीटरला नीट अर्थिंग, स्वतंत्र एमसीबी आणि करंट गळला की बंद करणारा ब्रेकर पाहिजेच. टाकीत पाणी नसताना हीटर लावला तर कॉइल जळते, म्हणून पाणी बंदच्या दिवशी बटण बंद.

पायरी ७ : क्षार, आणि टाकी रिकामी करताना

बोअरचं पाणी असेल तर किटलीत बसतो तोच पांढरा थर इथेही बसतो, पाणी जितकं तापेल तितका जास्त. सपाट काचेच्या पॅनेलमध्ये तांब्याच्या बारीक नळ्या असतात, त्या आतून बुजत जातात, म्हणून जड पाण्याला ट्यूबवालं बरं. पण ट्यूबमध्येही बुडाशी गाळ साचतो, आणि टाकीचा ड्रेन सोडला की टाकी रिकामी होते, ट्यूबमधलं अडीच-तीन लिटर पाणी आणि गाळ तिथेच राहतो. वर्षातून एकदा, बोअरचं असेल तर दोनदा, ट्यूब काढून धुवून घ्या, सोबत सिलिकॉनच्या रिंगा बदला, आणि टाकीत गंजापासून वाचवणारा मॅग्नेशियमचा रॉड असेल तर तो किती झिजलाय तेही बघायला सांगा. हे काम माहीतगार माणसाकडूनच, ॲसिड घरच्या घरी ओतू नका.

क्रम मात्र तुम्ही ठरवा, कारण नुकसान तुमचं होतं. आमच्याकडे एका एप्रिलमध्ये आलेल्या माणसाने सकाळी टाकी आणि ट्यूब रिकाम्या केल्या, मधेच दुसऱ्या कामाला गेला, आणि दुपारी एकला येऊन पाणी सोडलं. तीन ट्यूब डोळ्यांदेखत तडकल्या. उन्हात रिकामी ट्यूब आतून दोनशे अंशाच्या पुढे तापते, त्यात गार पाणी पडलं की काच टिकत नाही.

म्हणून : संध्याकाळी सूर्य उतरल्यावर रिकामी करायची, लगेच धुवायची आणि रात्रीच भरून ठेवायची. दिवसा काम करावंच लागलं तर ट्यूबवर आधी ताडपत्री, आणि भरणं सूर्य गेल्यावरच. पाणी बंद राहून टाकी रिकामी झाली असेल तेव्हाही हाच नियम, दुपारी पाणी आलं म्हणून घाई नको.

पायरी ८ : पावसाळा आणि गावाला जाताना

जून ते सप्टेंबर फार अपेक्षा ठेवू नका. तरी सोलर बंद करू नका, ३० अंशाचं पाणी आलं तरी गीझरला तेवढं कमी तापवावं लागतं. मात्र सोलरची लाइन गीझरला जोडायच्या आधी त्याला गरम पाणी आत घेतलेलं चालतं का ते गीझरवाल्याला विचारून घ्या.

मेमध्ये आठ-पंधरा दिवस घर बंद ठेवणार असाल तर टाकी भरलेलीच ठेवा, गार पाण्याचा वॉल्व्ह उघडा, आणि ट्यूबवर पोती किंवा ताडपत्री बांधून जा. न वापरलेलं पाणी रोज तापत जाऊन उकळतं, व्हेंटमधून वाफ जाते आणि क्षार जास्त बसतो. परत आलात की सकाळी आच्छादन काढा आणि पहिलं पाणी थोडा वेळ वाहू देऊन मग वापरा.

पायरी ९ : दिवाळीची पहिली अंघोळ

नरक चतुर्दशीला घरात बारा माणसं, सगळ्यांना पहाटे चार ते सहाच्या मधे तेल-उटणं लावून अंघोळ हवी, आणि ऊन तर आदल्या दिवशीचंच. तयारी अशी करा :

दोन दिवस आधी काच धुवा आणि पायरी ३ ची तपासणी उरका, पाहुण्यांच्या बाथरूमचे मिक्सर वर्षभर कुणी बघितलेले नसतात. आदल्या दिवशी सकाळी गरजेपुरतंच गरम पाणी नऊच्या आत काढा, नंतर पाहुण्यांनाही सांगा की गरम नळ बंद, भांडी गार पाण्याने. दुपारी गच्चीवर गाद्या-चादरी वाळत घालू नका. संध्याकाळी पाचला तापमान मोजा. पन्नासच्या वर असेल तर माणशी एक बादली, लहान मुलांच्या अर्ध्या बादल्या धरून, दोनशे लिटरमध्ये बसतं. पंचेचाळीसच्या खाली असेल तर पहाटे पावणेतीनला हीटर लावा, चारला बंद. रात्री गार पाण्याची टाकी काठोकाठ भरून ठेवा, नाहीतर सातव्या अंघोळीला धार बारीक होते. दोनच बाथरूम वापरा, जी गच्चीच्या पाइपाला जवळ आहेत ती. आजी-आजोबा आणि पोरं आधी, शॉवर त्या दिवशी कुणालाच नाही.